नळीवरचं नाव

आईला दवाखान्यातून काढून टाकल्याची बातमी रोवेनाला विद्यापीठात कळली, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर, आणि तीही चुलतभावाच्या फोनवरून. काढून टाकल्यानंतर आई आठवडाभर रोज तिच्याशी फोनवर बोलत होती. हवा कशी आहे, कुत्रं कसं खात नाही, सगळं सांगत होती. नोकरीचा शब्द नाही.

डेलोरा नेपियर रोवेनाच्या जन्माआधीपासून हार्लो क्रीकच्या दवाखान्यात रक्त काढायची. केंटकीच्या त्या डोंगरांत एवढा एकच दवाखाना, त्यामुळे गावातला बहुतेक प्रत्येक हात तिच्या बोटांखालून गेलेला. तान्ही पोरंसुद्धा तिच्या सुईला फारशी रडत नसत. लोक पुढच्या नावनोंदणीच्या खिडकीवर येऊन सांगायचे, "डेलोरा असेल तरच बसतो, नाहीतर उद्या येतो."

झालं असं होतं. ऑर्बिन प्रॅट नावाचे एक म्हातारे गृहस्थ, जन्म खाणीत गेलेला, चर्चमध्ये डेलोराच्याच मागच्या रांगेत उभे राहून जाड आवाजात गायचे. ते एका सकाळी रक्त द्यायला आले. त्यांचं रक्त दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या नळीत गेलं आणि त्या दुसऱ्याचं त्यांच्या नावावर. तपासणीचा कागद आला की ऑर्बिनच्या अंगात पोटॅशियम कमी आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. खरं तर त्यांच्या मूत्रपिंडाचं दुखणं, पोटॅशियम आधीच वर चढलेलं. गोळ्या घेता घेता एके दिवशी ते स्वयंपाकघरात आडवे झाले. हेलिकॉप्टरनं लेक्सिंग्टनला नेलं. जगले, पण घरी आले ते अर्धेच. चमचा तोंडाशी नेताना हात थरथरायचा, आणि गाणं तर सुटलंच.

चौकशी झाली. दवाखान्याची व्यवस्थापक ग्वेंडा स्टिडम. तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमचा नियम स्वच्छ आहे. आधी पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारायची, मग रक्त काढायचं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत नळीवर लेबल लावायचं. डेलोरानं नियम मोडला. मला फार वाईट वाटतं."

नियम होता, भिंतीवर चौकटीत लावलेला. पण ग्वेंडा त्या खुर्चीत बसल्यापासून वेगळंच चालायचं. रांग पटापट सरकावी म्हणून खिडकीवरची पोरगी सकाळीच लेबलं छापायची, कोऱ्या नळ्यांना चिकटवून ठेवायची, आणि एकेका पेशंटचा ट्रे मांडून ठेवायची. रक्त काढणारीनं ट्रे उचलायचा, सुई मारायची, पुढचा बोलवायचा. दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. डेलोराबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या मोझेललाही माहीत होतं. चौकशीच्या दिवशी मोझेल आपल्या बुटांकडे बघत बसली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर.

गाव काय, गावच. ऑर्बिनची बायको हेस्टर हिनं चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर डेलोराचा हात झटकला. "याच हातानं," एवढंच म्हणाली. डेलोरानं गाण्याच्या रांगेत जाणं सोडलं, मग चर्चही सोडलं. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना ताटं वाढायची नोकरी धरली.

रोवेना सुट्टीत घरी आली तेव्हा आई घेवड्याचं कालवण ढवळत होती.

"तू सांगितलं का नाहीस त्यांना? ग्वेंडाच लेबलं लावायला लावते म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय. ती खुर्चीत, मी उभी." आईनं चव बघितली, मीठ घातलं. "जाऊ दे ना, रोवी. तुझी परीक्षा कशी झाली ते सांग."

रोवेनाला जाऊ देता येत नव्हतं. ती जात्याच तशी होती. लहानपणी एका पोरानं तिची सायकल ओढ्यात ढकलली होती. तिनं सबंध उन्हाळा वाट बघितली आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याची ढकलली. तिनं राज्याच्या तक्रारखात्याला फोन केला. तिथली बाई गोड बोलली. पाहणी होईल म्हणाली, दवाखान्याला आधी कळवून. म्हणजे पाहणीच्या दिवशी ट्रे रिकामे आणि ग्वेंडाचा हात पुन्हा छातीवर. नको. रोवेनाला ग्वेंडाच्या स्वतःच्या तोंडून हवं होतं, आणि तेही लोकांसमोर. आईचा हात झटकला तसाच, चारचौघांत.

विद्यापीठात डॉक्टरकीच्या तयारीची पोरं सगळी एकाच विवंचनेत असायची. मेडिकलला अर्ज करायचा तर पेशंटजवळ काम केलेलं दाखवावं लागतं. कुणी रुग्णवाहिकेवर जायचं, कुणी म्हाताऱ्यांच्या आश्रमात. सल्लागार सर म्हणाले, "रक्त काढायचं सर्टिफिकेट घे. थोड्या दिवसांचा कोर्स आहे, आणि उन्हाळ्यात नोकरी लगेच मिळते."

"कुठेही मिळते?"

"तुमच्याकडच्या दवाखान्यांना तर माणसंच मिळत नाहीत."

रोवेनानं त्याच दुपारी नाव घातलं.

कोर्स दर शनिवारी, जिल्ह्याच्या धंदेशिक्षण शाळेत, वेल्डिंगच्या वर्गाला लागून. शिकवणारे मिस्टर स्कॅग्ज पूर्वी सैन्यात औषधोपचाराला होते. त्यांचा आवाज वेल्डिंगवर मात करायचा. "डोळ्यांनी शीर शोधाल तर फसाल! बोटानं शोधा! दाबल्यावर उसळते ती शीर, कडक लागते ती स्नायूची दोरी, आणि ठोके देते ती धमनी, तिच्या वाटेला जाल तर माझ्या वर्गातून चालते व्हाल!" आधी रबराच्या हातावर, मग एकमेकांच्या. रोवेनाचा पहिला बळी एक दाढीवाला पोरगा. तिनं दंडाला पट्टा आवळला, कापसानं पुसलं, सुई घातली, आणि काहीच आलं नाही. तिनं सुई आत हलवली. पोरगा खुर्चीतून हातभर उडाला.

"नेपियर," स्कॅग्ज म्हणाले, "तू विहीर खणत नाहीयेस."

सगळे हसले. रोवेना सेंद्रिय रसायनशास्त्रात वर्गात पहिली यायची. इथे तिला एक शीर सापडत नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की ही परीक्षा हुकली तर ग्वेंडापर्यंत जायचा दरवाजा बंद.

त्या रविवारी ती घरी गेली. डेलोरानं तिच्या हातावरचे निळे-काळे डाग बघितले. वर्गातल्या पोरांनीही तिच्यावर हात साफ केला होता. डेलोरा काही न बोलता बाही वर करून टेबलाशी बसली. "आण तुझी पिशवी."

"आई, नको."

"आण म्हणते ना." मग ती शिकवायला लागली तेव्हा रोवेनाला आठवेना की आई शेवटची इतकं कधी बोलली होती. "पट्टा इतका आवळतात होय? हात काळा पडेल. हं. आता बोट ठेव. बघू नकोस, खिडकीबाहेर बघ. लागली? खालची कातडी अंगठ्यानं ताणून धर, शीर पळते मेली. सुईचं तोंड वर. आता थांबू नकोस. भीत भीत घातलीस की दुखतं. घाल."

नळीत गडद लाल धार आली. रोवेना रडायच्या बेतात होती.

"पट्टा सोड आधी, मग सुई काढ. उलट केलंस तर माझ्या टेबलावर कारंजं," आई म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी हसली. "चांगली डॉक्टर होशील तू. डॉक्टरांना हे येत नाही बहुतेक."

आईला वाटत होतं हे सगळं मेडिकलसाठी चाललंय. रोवेनानं तसंच वाटू दिलं.

पुढचा टप्पा एका वृद्धाश्रमात. तिथे शिरा दोऱ्यासारख्या, कातडी पापुद्र्यासारखी. आज्या तिला नातींची नावं सांगायच्या, एक आजोबा रोज लग्नाची मागणी घालायचे. रोवेनाचा हात बसला. तिला ते आवडूही लागलं होतं, पण त्याचा विचार ती करायची नाही. तो विचार आला की राग पातळ व्हायचा, आणि राग तिला जपून ठेवायचा होता. परीक्षा झाली, सर्टिफिकेट आलं. ते घेऊन ती थेट ग्वेंडासमोर जाऊन बसली.

ग्वेंडा स्टिडम गोरीगोमटी, केस फुगवलेले, टेबलावर मिठाईची बशी. तिनं कागद वाचला, मग रोवेनाकडे बघून मान एका बाजूला झुकवली.

"डेलोराची ना तू? अगं किती मोठी झालीस! कशी आहे ती बिचारी?"

"बरी आहे."

"मी रोज प्रार्थना करते तिच्यासाठी. आणि हे बघ पोरी, आईचं मी लेकरावर काढणाऱ्यातली नाही. आपल्याकडे माणसं कमी आहेत, तुला शिकायचंय. ये सोमवारपासून." तिनं बशी पुढे सरकवली. "फक्त एक. नियम पाळायचे हं. तुला तर वेगळं सांगायला नको."

रोवेनानं मिठाईचा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि आभार मानले. बाहेर आल्यावर गाडीमागे जाऊन थुंकली.

पहिल्या दिवशी मोझेलनं तिला हातमोज्यांच्या कपाटाआड गाठलं. "कशाला आलीस गं इथे?"

"रक्त काढायला."

"कुणाचं?" मोझेल म्हणाली. रोवेनानं हातमोज्यांचा डबा उचलला आणि ती खुर्चीकडे गेली.

ट्रे तसेच मांडलेले होते. ऑर्बिन प्रॅटच्या प्रकारानंतरही ग्वेंडानं काही बदललं नव्हतं. रोवेनाला हे बघून जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होत नाही, हे तिला तेव्हाही कळत होतं. ती स्वतः प्रत्येकाला नाव विचारायची आणि नळीशी ताडून बघायची. ग्वेंडा मागून जाता जाता टोमणा मारायची, "काय डॉक्टरीणबाई, सख्ख्या मामाला नाव विचारताय? अगं, इथे सगळे एकमेकांच्या आज्यापणज्यांना ओळखतात! हात चालव, रांग दारापर्यंत गेलीये."

"हो, मिसेस स्टिडम."

उन्हाळा सरत आला. रोवेना वेळेवर यायची, हसतमुख असायची, कुणाच्या हाताला डाग पडू द्यायची नाही. लोक पुन्हा म्हणायला लागले, "ती नेपियरची पोरगी असेल तरच बसतो." ग्वेंडा पाहुण्यांना तिची ओळख करून द्यायची, "आमची भावी डॉक्टर!" आणि एक दिवस स्वतःहूनच म्हणाली, "माझी वार्षिक तपासणी राहिलीये. तूच काढ गं माझं. मोझेलचा हात म्हणजे कुदळ."

"सोमवारी सकाळी या ना," रोवेना म्हणाली. "उपाशीपोटी."

सोमवारी सकाळी हेस्टर प्रॅट नवऱ्याला घेऊन यायची. ऑर्बिनचं रक्त आता दर आठवड्याला बघावं लागायचं. हेस्टर बाहेर बाकावर बसायची आणि रोवेनाकडे बघणं टाळायची. बाक आणि खुर्ची यांच्यामध्ये फक्त एक पडदा, तोही अर्धा वेळ उघडाच.

त्या सोमवारी ग्वेंडाचा ट्रे फळीवर तयार होता. त्याच्या शेजारी विल्मा डॉट्सन नावाच्या बाईचा. ती अजून आलेली नव्हती. रोवेनानं दोन्हींकडे बघितलं. मग ग्वेंडाचा मागे सरकवला, विल्माचा उचलला आणि पडदा पूर्ण उघडा ठेवला.

ग्वेंडा बाही वर करत आली. "चल, आटप. कॉफीवाचून डोकं दुखतंय."

"नाव सांगता?"

"अगं सोड ते! तुझा पगार काढते ना मी? माझं नाव माहीत नाही तुला?" ती बाकाकडे बघून हसली. बाकावरचेही दोघे-तिघे हसले.

रोवेनानं पट्टा बांधला. शीर छान होती, फुगीर, बोटाखाली उसळणारी. सुई घातली. ग्वेंडा बोलतच होती, यंदा टोमॅटो कसे झाले नाहीत ते. नळ्या एकामागून एक भरल्या. रोवेनानं पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला. मग भरलेली एक नळी ग्वेंडाच्या डोळ्यांसमोर धरली.

"वाचा."

"काय?"

"नळीवर काय लिहिलंय ते वाचा, मिसेस स्टिडम. जरा मोठ्यानं."

ग्वेंडानं डोळे बारीक केले. तिचे ओठ हलले आणि तसेच राहिले.

"तुम्हाला दिसत नसेल तर मी वाचते. विल्मा डॉट्सन." रोवेनाचा आवाज शांत होता, पण बाकाच्या टोकापर्यंत पोचत होता. "तुमचं रक्त आता विल्माबाईंचं झालं. त्यांना साखरेचा आजार आहे. उद्या प्रयोगशाळेतून कागद येईल, डॉक्टर त्यांचं औषध बदलतील. कदाचित त्यासुद्धा स्वयंपाकघरात पडतील. मग चौकशी होईल. तेव्हा तुम्ही काय सांगाल? रोवेनानं नियम मोडला म्हणाल ना?"

"तू... ट्रे बघून का नाही घेतलास?"

"लेबलं आधी कुणी लावली?"

कुणी हसत नव्हतं. हेस्टर प्रॅट उठून उभी राहिली होती. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "इथे लेबलं आधीच लावतात?"

"हेस्टर, बस गं तू. हा आमच्यातला—" ग्वेंडा म्हणाली.

"मी तुला नाही विचारलं." हेस्टरनं कपाटाशी उभ्या मोझेलकडे बघितलं. "मोझेल. याच्या वेळी पण?"

मोझेलनं या वेळी बुटांकडे बघितलं नाही. "सगळ्यांच्या वेळी," ती म्हणाली. "ही आल्यापासून रोज. डेलोरा दोनदा भांडली होती त्यावरून. मी होते तिथे."

ग्वेंडाच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. रोवेनानं तो पूर्ण उतरेपर्यंत बघितला. डोळा हलवला नाही. तिनं किती महिने या चेहऱ्याची कल्पना केली होती, आणि प्रत्यक्षात तो कल्पनेपेक्षा सरस निघाला. मग तिनं त्या नळ्या कचऱ्यात टाकल्या, नव्या सुईचं पाकीट फाडलं आणि म्हणाली, "दुसरा हात द्या. पुन्हा काढावं लागेल. नाव सांगा."

आणि ग्वेंडानं सांगितलं, पूर्ण नाव, जन्मतारखेसकट.

बातमी दुपारपर्यंत डोंगराच्या पलीकडे पोचली. हेस्टरनं त्याच दिवशी वकील गाठला. या वेळी राज्याची माणसं न कळवता आली. मोझेल बोलली, खिडकीवरची पोरगीही बोलली. ग्वेंडानं महिन्याभरात राजीनामा दिला आणि घर विकायला काढून टेनेसीला बहिणीकडे गेली. जाताना तिला निरोप द्यायला कुणी आलं नाही. रोवेना मात्र रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून सामानाचा ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघत बसली.

चौकशीत तिलाही विचारलं होतं, तो चुकीचा ट्रे तुमच्या हातात कसा आला? "समोर होता तो उचलला," ती म्हणाली. त्यांनी तेवढ्यावर सोडलं.

आईनं सोडलं नाही. डेलोरानं गोष्ट आधी मोझेलकडून ऐकली, मग लेकीकडून पुन्हा सांगून घेतली, आणि शेवटी विचारलं, "तो ट्रे तिथे होता, की तू ठेवलास?"

रोवेनाला आईशी खोटं बोलता येत नसे. "ठेवला."

"आणि सुई घातलीस. चुकीची नळी आहे हे माहीत असून."

"टाकून दिलं मी ते लगेच! कुणाला काही झालं नाही. आई, तिनं तुझं आयुष्य—"

"मला माहीत आहे तिनं काय केलं ते." डेलोरा खुर्चीत टेकली. "पण ऑर्बिनला नाव मी नाही विचारलं, रोवी. चाळीस वर्षांची ओळख. तो विनोद सांगत होता, मी हसत होते, आणि ट्रे उचलला. लेबल ग्वेंडानं लावलं, पण तोंड माझं होतं ना? ते विचारायला काय पडत होतं?"

"म्हणजे मी केलं ते चूक?"

"मी म्हटलं का तसं?"

"मग काय म्हणतेस? तुझ्यासाठी केलं मी हे सगळं!"

"माझ्यासाठी?" आईनं तिच्याकडे असं बघितलं की रोवेना उठून बाहेर गेली आणि दार जोरात आपटलं. दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात गाडी आली. हेस्टर प्रॅट. हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी, झाकणाला कापड बांधलेलं. रोवेना खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, आई आता रडेल, हेस्टरला आत घेईल, चहा करेल. आई तशीच होती, सगळ्यांना माफ करून टाकणारी.

डेलोरानं जाळीचं दार उघडलं नाही.

"डेलोरा," हेस्टर म्हणाली, "मला माहीत नव्हतं गं."

"हो."

"चर्चला ये. सगळे विचारतात. तुझी जागा तशीच आहे."

डेलोरानं दार वीतभर उघडून बरणी घेतली. "ऑर्बिनला सांग, मी विचारलं म्हणून," ती म्हणाली. "आणि तुझा हात सांभाळ, हेस्टर. पायरी निसरडी आहे." दार लागलं. हेस्टर ओसरीवर उन्हात उभी राहिली, मग हळूहळू गाडीकडे गेली.

डेलोरानं मुरंबा टेबलावर ठेवला, ब्रेड कापला आणि दोघींसाठी जाड थर लावला. "खा," ती म्हणाली. "चांगला करते ती, मेली."

रोवेना आईकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आवरेना. आईलाही.

दवाखान्यानं डेलोराला परत बोलावलं होतं, माफीसकट. ती गेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातच राहिली; पोरांना तिचा मक्याचा ब्रेड आवडायचा. ऑर्बिन पुढच्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या अंत्यविधीला डेलोरा गेली, मागच्या बाकावर बसली आणि गाणं सुरू झालं तेव्हा उभी राहिली, पण गायली नाही. रोवेनाला मेडिकलला प्रवेश मिळाला. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी विचारलं, रक्त काढायचं काम का निवडलंत? तिनं पेशंटबद्दल, वृद्धाश्रमातल्या आज्यांबद्दल सांगितलं. ते सगळं खरं होतं. ग्वेंडाबद्दल ती बोलली नाही, आणि त्या सकाळबद्दल तिला आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.